दीव बंदर आणि त्याचा किल्ला : एका सहलीच्या निमित्तानें

गेल्या माघांत इतिहासाची आवड असणारी आम्ही पंधरा-सोळा मंडळी पुण्याहून सौराष्ट्राच्या सहलीस गेलों होतों. सोमनाथ, दीव व जुनागड असे क्रमानें तीन मुक्काम होते. पैकीं दीवच्या किल्ल्यांत, पश्चिमेकडील खंदकाच्या कांठीं उभे असतांना, आमच्यांतील एका वृद्ध शिक्षकांनीं सहज विचारलें, "तीन-चार कोसांचें हें बेट, जमीन खडकाळ, गोडें पाणी बेताचें. मग हा एवढा थोरला किल्ला राखीत होता तरी काय?" वाटाड्यानें दोन वेढ्यांची हकीकत सांगितली, परंतु ते वेढे मुळांत कां पडले, हें तींत आलें नाहीं. त्या दिवशीं आम्हां कोणालाच नीट उत्तर देतां आलें नाहीं. परत आल्यावर, पाहिलेलें व वाचलेलें ताडून पाहतां जें उत्तर सुचलें तें येथें मांडीत आहे.

तें थोडक्यांत असें. खंबायतच्या आखातांत जाणाऱ्या-येणाऱ्या गलबतांस दीवच्या धक्क्यास लागणें भाग पाडावें व त्यांजकडून जकात घ्यावी, यासाठीं हा किल्ला होता. बेटाचें व शहराचें रक्षण हें त्याचें दुय्यम काम. ही गोष्ट ध्यानांत घेतली म्हणजे किल्ला अभंग उभा असतां शहराचें वैभव कां ओसरलें, याचाही उलगडा होतो.

१. बेटाची जागा

ऊना गांवाहून निघालेली सडक घोघला या वस्तीवरून खाडीवरील पूल ओलांडून दीव बेटावर उतरते. बेट पूर्व-पश्चिम लांबट असून त्याची लांबी सुमारें ११ किलोमीटर भरते; घोघला धरून सर्व प्रदेश सुमारें ४० चौरस किलोमीटरांचा. दक्षिणेस उघडा अरबी समुद्र, उत्तरेस सौराष्ट्राची भूमि आणि या दोहोंमध्यें बेटाच्या कडेनें गेलेली अरुंद खाडी. जुनें शहर बेटाच्या पूर्व टोंकाकडे वसलें आहे आणि त्याच्याही पुढें, जेथें जमीन संपते तेथें, किल्ला. दक्षिणेच्या लाटा व वारे बेट आपल्या अंगावर घेतें आणि खाडीच्या मुखांत गलबतांस निवारा मिळतो, हें पुलावरूनच कळून येतें.

परंतु निवाऱ्याचीं बंदरें सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर इतरही आहेत. दीवला जें विशेष महत्त्व आलें तें खंबायतच्या आखातामुळें. मध्ययुगांत गुजराथेच्या समुद्रव्यापाराचें मुख्य केंद्र खंबायत शहर होतें. कापड, नीळ इत्यादि माल तेथून अरबस्तान, इराण, आफ्रिकेचा पूर्व किनारा व मलाक्का येथपर्यंत जाई. हें शहर आखाताच्या अगदीं आंतल्या टोंकास आहे. त्या बाजूस भरती व ओहोटी यांच्या पातळींतील अंतर ३० फुटांच्याही वर जातें. प्रवाहाचा वेग मोठा आणि तळाशीं वाळूचे दांडे सरकत असतात. गाळ सांचत गेला तसतसें मोठीं जहाजें तेथवर नेणें अधिकाधिक धोक्याचें झालें. मोठीं जहाजें बाहेरच थांबावीं आणि आंतला माल लहान गलबतांनीं त्यांजपर्यंत आणावा, ही वहिवाट त्यांतून पडली. अशा अदलाबदलीचें आखातांतील एक ठिकाण घोघा हें होतें, व आखाताच्या तोंडाशीं असलेलें दुसरें ठिकाण दीव. तांबड्या समुद्राकडून किंवा होर्मुझकडून येणाऱ्या जहाजास खंबायतचा धोका पत्करण्यापूर्वी दीवचा निवारा सोईचा पडे. दीवला स्वतःचें कांहींच पिकवावें लागत नव्हतें. गुजराथेंत पिकलेल्या व विणलेल्या मालावर तें जगत होतें.

हें बंदर फार जुनें असल्याविषयीं परंपरेचाही पुरावा आहे. इराण सोडून निघालेले पारशांचे पूर्वज संजाणास उतरण्यापूर्वी दीव येथें १९ वर्षें राहिले होते, असें 'किस्से-इ-संजाण' या काव्यांत म्हटलें आहे. तें काव्य इ. स. १६०० च्या सुमाराचें, म्हणजे घटनेनंतर कित्येक शतकांनीं रचलेलें असल्यामुळें त्यांतील वर्षांच्या आंकड्यावर भर देतां येणार नाहीं. तथापि पश्चिमेकडून येणारा मनुष्य प्रथम दीवला लागतो, ही समजूत त्या काळीं किती रूढ होती, हें त्यावरून दिसतें.

२. पाणीकोट आणि मलिक अयाज

शहराच्या धक्क्यावर उभें राहिलें म्हणजे खाडीच्या मुखांत, चोहोंकडून पाण्यानें वेढलेला एक लहान दगडी कोट दिसतो. यास पाणीकोट म्हणतात. आज दिसणारें बांधकाम पोर्तुगीजांचें आहे. परंतु बंदराच्या तोंडाशीं पाण्यांत बुरूज उभारून मार्ग रोखण्याची कल्पना त्यांच्या आधीची, मलिक अयाज याची आहे. हा मूळचा गुलाम. महमूद बेगडा व त्याचा पुत्र दुसरा मुजफ्फर या दोन सुलतानांच्या अमदानींत तो दीवचा सुभेदार होता. बंदराच्या मुखावर लोखंडी सांखळी ताणून तें बंद करण्याची व्यवस्था त्यानें केली होती. सांखळी वर ओढली कीं मार्ग बंद, आणि खालीं सोडली कीं खुला. बंदराचा धनी कोण हें ठरविणारें साधन यापरतें उघड दुसरें नसेल.

पोर्तुगीज हिंदुस्थानांत आल्यावर त्यांस या बंदराचें मोल ताबडतोब उमगलें. इ. स. १५०८ मध्यें मिसरच्या सुलतानाचें आरमार मीर हुसेन याच्या हुकुमाखालीं या समुद्रांत आलें. त्यास मलिक अयाज मिळाला आणि कोंकणांतील चौलच्या खाडींत या दोघांनीं पोर्तुगीजांचा पराभव केला. त्या लढाईंत पोर्तुगीज गव्हर्नर फ्रान्सिस्कु द आल्मैदा याचा पुत्र लोरेन्सु मारला गेला. सूड घेण्यासाठीं आल्मैदा स्वतः दीववर चालून आला आणि ३ फेब्रुवारी १५०९ रोजीं दीवच्या बंदरासमोर झालेल्या लढाईंत मिसरी आरमार, कालिकतच्या सामुरीचीं गलबतें व मलिक अयाजचीं गलबतें यांचा मोड झाला. अरबी समुद्रावरील पोर्तुगीजांचें वर्चस्व या दिवसापासून धरण्याचा प्रघात आहे.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. लढाई जिंकूनही पोर्तुगीजांस दीव मिळालें नाहीं. मलिक अयाजनें चौल येथें धरलेल्या कैद्यांस चांगलें वागविलें होतें. ते त्यानें परत केले, पैसा दिला, गोड बोलला. परंतु बेटावर किल्ल्याची जागा दिली नाहीं. इ. स. १५२१ मध्यें मोठें पोर्तुगीज आरमार दीवसमोर येऊन कांहीं न करतां परत गेलें. मलिक अयाज १५२२ त वारला, तोंवर दीवची सांखळी त्याच्याच हातीं राहिली. समुद्रावर हार खाऊनही जमीन न देणारा हा पुरुष आपल्याकडील इतिहासग्रंथांत दोन-चार ओळींपलीकडे आढळत नाहीं, ही खेदाची गोष्ट आहे.

३. किल्ल्याची जागा कशी मिळाली

इ. स. १५३१ मध्यें नूनू द कुन्या यानें मोठ्या आरमारासह दीववर हल्ला केला, तोही फसला. त्या वेळीं बंदराच्या बचावाचें मुख्य श्रेय मुस्तफा नांवाच्या तुर्क तोफखानेवाल्यास आहे; पुढें तो रूमीखान या किताबानें प्रसिद्धीस आला. लढून जें मिळालें नाहीं तें पोर्तुगीजांस चार वर्षांनीं एका करारानें मिळालें. सुलतान बहादुरशहा याजवर उत्तरेकडून हुमायून चालून येत होता. मागें मोंगल व पुढें समुद्रावर फिरंगी, अशा पेंचांत सांपडलेल्या सुलतानानें डिसेंबर १५३४ मध्यें वसई व तिच्या ताब्यांतील प्रदेश पोर्तुगीजांस दिला. मुंबईचीं बेटें त्यांतच गेलीं. पुढें १५३५ त मोंगलांपुढें माघार घेत तो दीवला येऊन राहिला, तेव्हां मदतीच्या आशेनें त्यानें तेथें किल्ला बांधण्याचीही परवानगी दिली. म्हणजे महाराष्ट्रांतील वसई आणि सौराष्ट्रांतील दीव हीं एकाच संकटाचीं दोन फळें आहेत.

हुमायून परत फिरल्यावर बहादुरशहास आपली चूक कळून आली. ती निस्तरण्याचे बेत चालूं असतांच १३ फेब्रुवारी १५३७ रोजीं, पोर्तुगीज गव्हर्नराच्या जहाजावरून भेट घेऊन परततांना, दीवच्या समुद्रांत चकमक होऊन तो मारला गेला. दगा कोणाच्या मनांत होता याविषयीं दोन्ही पक्षांच्या बखरकारांत एकवाक्यता नाहीं.

या प्रकरणावरून वाचकांस रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राचें स्मरण झाल्यावांचून राहणार नाहीं. टोपीकरांस समुद्राच्या वा खाडीच्या मुखाशीं जागा देऊं नये. वखारीस जागा देणेंच पडलें तर समुद्रापासून आंत, राजापुरासारख्या ठिकाणीं द्यावी, असा उपदेश त्यांत आहे. अमात्यांसमोर दीवचेंच उदाहरण होतें असें म्हणण्यास आधार नाहीं. परंतु बहादुरशहाच्या करारानंतर सुमारें १८० वर्षांनीं लिहिलेलें हें वाक्य दीवच्या धक्क्यावर उभें राहून आठवलें म्हणजे त्याचा अर्थ अधिक स्पष्ट होतो.

४. दोन वेढे

किल्ला बेटाच्या पूर्व टोंकास असून तीन बाजूंनीं समुद्रानें वेढलेला आहे. चौथ्या, म्हणजे पश्चिमेच्या, बाजूस खडक फोडून केलेला दुहेरी खंदक आहे. पैकीं बाहेरच्या खंदकांत भरतीचें पाणी शिरतें. तटाचा दगड बेटावरचाच, सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर सर्वत्र आढळणारा चुनखडीचा आहे. आंत पावसाचें पाणी सांठविण्यासाठीं टांकीं आहेत. गोड्या पाण्याचा तुटवडा असलेल्या बेटावर वेढा पडला असतां किल्ल्याचें आयुष्य अशा टांक्यांवरच अवलंबून असे.

पहिला वेढा १५३८ सालचा. गुजराथच्या बाजूनें ख्वाजा सफर हा सरदार वेढ्याचें काम पाहत होता. त्याच्या मदतीस तुर्की सुलतान सुलेमान याचें आरमार मिसरचा सुभेदार सुलेमान पाशा याच्या हाताखालीं आलें. किल्लेदार आंतोनियु द सिल्वैरा याजपाशीं अखेरीस लढण्याजोगीं माणसें फार थोडीं उरलीं होतीं. तरी किल्ला पडला नाहीं. याचें एक कारण तटाच्या बाहेर शोधलें पाहिजे. सुलेमान पाशानें दीवला येतांना वाटेंत एडनच्या राजास दग्यानें पकडून फांशीं दिलें होतें. ती वार्ता गुजराथेंत पोहोंचल्यावर, आज फिरंग्यांस काढण्यास आलेला हा पाहुणा उद्यां आपणांसही गिळील, अशी शंका सुलतानाच्या सरदारांस येणें स्वाभाविक होतें. दाणागोटा मिळेनासा झाला, दोस्तांत बेबनाव माजला आणि नोव्हेंबरांत तुर्की आरमार निघून गेलें.

दुसरा वेढा १५४६ चा. तो सुमारें सात महिने चालला. ख्वाजा सफर या वेढ्यांत तोफेच्या गोळ्यानें मारला गेला, आणि त्याच्या पुत्रानें काम पुढें चालविलें. किल्लेदार जुआंव मास्करेन्यश यानें तग धरला. नोव्हेंबरांत गव्हर्नर जुआंव द काश्त्रु गोव्याहून मोठी कुमक घेऊन आला व त्यानें बाहेर पडून वेढा मोडला. पडलेला तट पुन्हा बांधण्यास पैसा नव्हता, तेव्हां काश्त्रुनें आपल्या दाढीचे केस तारण म्हणून पाठवून गोवें शहराकडे कर्ज मागितलें, ही कथा प्रसिद्ध आहे. कथेंतील नाट्य बाजूस ठेवलें तरी तिच्यांतून एक गोष्ट कळते: गव्हर्नरास दीवचा किल्ला कर्ज काढूनही पुन्हा उभा करण्याच्या योग्यतेचा वाटत होता. त्या कर्जाची फेड कोठून होणार होती, हाच आमच्या शिक्षकमहाशयांच्या प्रश्नाचा गाभा होय.

५. जकातीचें यंत्र

पोर्तुगीजांचा नियम असा कीं, या समुद्रांत फिरणाऱ्या प्रत्येक देशी गलबतानें त्यांजकडून परवाना घ्यावा. या परवान्यास ते 'कार्ताज' म्हणत. त्यांत गलबताचें व तांडेलाचें नांव, गलबताचा आकार, त्यावरील शस्त्रें, निघण्याचें व पोहोंचण्याचें ठिकाण इत्यादि तपशील असे; कांहीं विवक्षित माल नेण्यास बंदी असे. परवाना नसलेलें गलबत धरून जप्त करीत. परवान्याची फी किरकोळ होती. खरा कांटा त्यांतील एका अटींत होता: जातां-येतां पोर्तुगीजांच्या ठाण्यास लागून तेथें जकात भरली पाहिजे. गुजराथच्या गलबतांकरितां हें ठाणें म्हणजे दीव. किल्ल्यावरील तोफा व खाडींतील आरमार हीं या अटीचीं दोन साधनें होतीं. १५५५ च्या सुमारास सर्व बेट पोर्तुगीजांच्या हातीं आलें व सुलतानाचा तेथील वांटा संपला.

मराठ्यांच्या आरमाराचा इतिहास जाणणाऱ्यांस ही पद्धति परकी वाटणार नाहीं. कान्होजी आंग्रे कोंकण किनाऱ्यावर गलबतांस दस्तकें देत आणि दस्तक नसलेलें गलबत धरीत. इंग्रजांनीं त्यास चांचेगिरी म्हटलें. परंतु तेंच काम पोर्तुगीज दोनशें वर्षें राजरोस करीत आले होते आणि इंग्रजही आपल्या पासाचा आग्रह धरीत. समुद्रावर सार्वभौमत्व सांगण्याची त्या काळची ती सर्वमान्य रीत होती. दीवचा किल्ला हें या रीतीचें दगडांत उभें राहिलेलें रूप आहे.

६. सुरतेचा उदय आणि दीवची उतरती कळा

या यंत्राचा दोष असा कीं, माल दुसऱ्या वाटेनें जाऊं लागला तर तटांस व तोफांस कांहीं काम उरत नाहीं. दीवच्या बाबतींत नेमकें हेंच झालें. गंमत अशी कीं, त्याचा आरंभ दीवला वेढा घालणाऱ्या पुरुषानेंच केला होता. तापीच्या कांठचा सुरतेचा किल्ला १५४० नंतरच्या कांहीं वर्षांत खुदावंदखान या सरदारानें बांधला. हा खुदावंदखान म्हणजे ख्वाजा सफर, असें सामान्यतः मानलें जातें. दीव घेण्यांत तो अपेशी ठरला व तेथेंच मरण पावला. परंतु त्यानें उभारलेल्या सुरतेनें पुढें दीवचा व्यापार घेतला.

१५७३ मध्यें अकबरानें सुरत जिंकली. आतां सुरतेच्या मागें साऱ्या उत्तर हिंदुस्थानची बाजारपेठ उभी राहिली. १६१२ मध्यें सुरतेच्या तोंडाशीं सुवाळीच्या समुद्रांत इंग्रजांनीं पोर्तुगीज जहाजांस हटविलें, आणि पुढच्याच वर्षीं त्यांची सुरतेस वखार झाली. मागोमाग डच आले. १६२२ मध्यें होर्मुझ इराण व इंग्रज यांनीं मिळून पोर्तुगीजांकडून घेतलें, त्यासरशीं दीवहून इराणच्या आखाताकडे जाणारा मार्गही त्यांच्या हातून गेला. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांत श्रीशिवछत्रपतींनीं सुरत दोनदां लुटली, १६६४ त व १६७० त. पश्चिम किनाऱ्यावरचा पैसा तोंवर कोठें जमा झाला होता, याची ही साक्षच होय. याच सुमारास, १६६८ मध्यें, मस्कतच्या अरबांनीं दीव शहर लुटलें; १६७६ त ते पुन्हा आले. दोन मोठ्या वेढ्यांत न हरलेल्या किल्ल्यास आपल्या शेजारचें शहर राखतां आलें नाहीं. ज्या आरमाराच्या जोरावर तो किल्ला उपयोगी होता, तें आरमार क्षीण झालें होतें.

७. मोझांबिकचा व्यापार

तथापि दीव एकदम मेलें नाहीं. त्यास आणखी शंभर-सव्वाशें वर्षें जगविलें तें तेथील वाण्यांनीं. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील मोझांबिक हेंही पोर्तुगीजांचें एक बेट-बंदर. तेथें गुजराथचें सुती कापड जाई व तेथून मुख्यतः हस्तिदंत येई. आफ्रिकेच्या अंतर्भागांत हस्तिदंताची खरेदी कापडाच्या मोबदल्यांतच चाले, आणि त्या लोकांस कोणत्या विणीचें व रंगाचें कापड आवडतें, याचें ज्ञान पोर्तुगीजांपेक्षां दीवच्या वाण्यांस अधिक होतें. १६८६ मध्यें दीवच्या व्यापाऱ्यांच्या एका मंडळीस या व्यापाराचा मक्ता मिळाला व तो १७७७ पर्यंत टिकला. या व्यापारांत माणसांचीही खरेदी-विक्री होत असे. मोझांबिकहून गुलाम म्हणून आणलेलीं माणसें दीवला उतरवीत. हस्तिदंताचा उल्लेख करून ही गोष्ट गाळणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं.

शहरांत नगरशेटची हवेली म्हणून दाखविण्यांत येणारें घर व त्याच्या आसपासच्या अरुंद गल्ल्यांतील कोरीव दरवाजांचीं घरें पाहतांना हा इतिहास ध्यानांत ठेवला पाहिजे. आमच्या मंडळींनीं किल्ल्यांत तीन तास घालविले आणि या गल्ल्या वीस मिनिटांत उरकल्या. त्या वेळीं तें कोणास खटकलें नाहीं. आतां वाटतें कीं, वेळेची वांटणी उलट असती तर शिक्षकमहाशयांस उत्तर तेथेंच मिळालें असतें.

८. शहरांतील इतर अवशेष

शहराच्या पश्चिम बाजूस बेटाची रुंदी अडविणारा तट असून त्यांतील मुख्य दरवाजास झांपा म्हणतात. तटाच्या बाहेर लगतच नायडाच्या गुहा आहेत. नांव गुहांचें असलें तरी त्या दगडाच्या जुन्या खाणी होत. खडकांत उभ्या-आडव्या कापलेल्या चौकोनी पायऱ्या व भिंती अद्याप स्पष्ट दिसतात. येथला दगड काढून तट व इमारती बांधल्या, असें स्थानिक लोक सांगतात आणि दगडाची जात पाहतां तें संभवनीय वाटतें. चर्चांपैकीं सेंट पॉलचें चर्च सतराव्या शतकाच्या आरंभींचें. त्यांतील लांकडी नक्षीकाम पाहण्यासारखें आहे. १५९८ च्या सेंट थॉमस चर्चमध्यें संग्रहालय केलें आहे. बेटावरील फुदम गांवाजवळ गंगेश्वर नांवाचें समुद्रकांठचें शिवस्थान आहे. खडकांतील पांच लिंगांवर भरतीचें पाणी येतें. या पांचही लिंगांवर आमच्या देखत लाट आली व गेली.

दीववरील पोर्तुगीज अंमल १९ डिसेंबर १९६१ रोजीं संपला. पुढें १९८७ पर्यंत तें गोव्याबरोबर व त्यानंतर दमणबरोबर केंद्रशासित होतें. २०२० पासून दादरा व नगरहवेलीसह तिघांचा मिळून एक केंद्रशासित प्रदेश झाला आहे. ९ डिसेंबर १९७१ रोजीं दीवपासून दूर समुद्रांत पाकिस्तानी पाणबुडीनें बुडविलेल्या 'खुकरी' या भारतीय युद्धनौकेचें स्मारक बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर आहे. तिच्याबरोबर कप्तान महेंद्रनाथ मुल्ला, इतर १७ अधिकारी व १७६ नौसैनिक समुद्रांत गेले. तेथें आमच्या मंडळींतील कोणी फारसें बोललें नाहीं.

९. जुनागडची तोफ व समारोप

दीवहून आम्ही जुनागडास गेलों. तेथें उपरकोट किल्ल्यांत नीलम नांवाची सुमारें १७ फूट लांबीची तोफ आहे. तिच्यावरील लेखांत तुर्की सुलतान सुलेमान याचें नांव असून ती १५३१ त मिसर देशांत ओतली गेली. सुलेमान पाशाच्या आरमाराबरोबर ती दीवला आली व आरमार निघून गेल्यावर इकडेच राहिली. १५३३ त बहादुरशहासाठीं ओतलेली दुसरी एक प्रचंड तोफ पोर्तुगालांत नेण्यांत आली. ती लिस्बनच्या लष्करी संग्रहालयांत आहे. एका बंदराच्या जकातीसाठीं कैरोपासून लिस्बनपर्यंतच्या सत्ता झगडल्या, याचा हा पुरावा दोन टोंकांस पडलेला आहे.

हें उत्तर सर्वच किनारी किल्ल्यांस लागू पडेल असें मात्र कोणीं समजूं नये. हें टिपण शिक्षकमहाशयांस वाचून दाखविलें तेव्हां त्यांनीं लगेच विचारलें, "मग वसईचें काय?" त्यांची शंका रास्त आहे. वसईच्या किल्ल्यामागें सुपीक गांवें होतीं, भातशेती होती, जमिनीचा वसूल होता. म्हणूनच १७३९ मध्यें चिमाजीअप्पांनीं वसई घेतली तेव्हां मराठ्यांच्या हातीं नुसता तट न येतां प्रांत आला. दीवच्या मागें प्रांत नव्हता. समोरून जाणारी वाट काय ती त्याची मिळकत, आणि वाट फिरली तेव्हां ती मिळकत बुडाली. चौल व दाभोळ यांची गोष्ट आणखी निराळी निघेल. प्रत्येक ठिकाणीं हा किल्ला कशावर जगत होता, त्याचा खर्च कोणाच्या मालांतून निघत होता, हा प्रश्न स्वतंत्रपणें विचारला पाहिजे.

यास्तव सहली काढणाऱ्या मंडळींस एवढीच सूचना करावीशी वाटते कीं, किनाऱ्यावरील किल्ला पाहण्यापूर्वी धक्का पाहावा, धक्क्यावरून व्यापाऱ्यांच्या गल्लींत जावें आणि तटावर शेवटीं चढावें. शक्य तेथें घरांवरील व देवळांतील लेखांचीं टिपणें घ्यावीं, जुन्या हिशेबाच्या वह्या कोणापाशीं असल्यास त्यांची नोंद करावी. तट दगडाचे आहेत आणि त्यांची राखण होत आहे. वह्या व लांकडी दरवाजे यांचें तसें नाहीं. पुढील वर्षीं रेवदंडा-चौलची सहल याच क्रमानें करावी, असें आमच्या मंडळींचें ठरलें आहे.